डॅनिश खुर्ची पाहावी कशी : आधी खालून, मग मागून, शेवटी समोरून

विसाव्या शतकातील डॅनिश फर्निचरविषयी लिहिताना ‘साधेपणा’ आणि ‘स्वच्छ रेषा’ हे शब्द इतक्या वेळा वापरले जातात, की ते वाचून कोणत्याही एका खुर्चीविषयी काही नवे कळत नाही. साधी तर दवाखान्यातील लोखंडी खुर्चीही असते. कोपनहेगनमध्ये साधारण १९२४ ते १९६६ या काळात जे घडले ते समजून घ्यायचे असेल, तर एक खुर्ची समोर घेऊन ती ठरावीक क्रमाने, शक्य तेथे हाताने चाचपून पाहणे हा सर्वांत खात्रीचा मार्ग आहे. तो क्रम कसा असावा, हे येथे सांगायचे आहे. खुर्ची रेखाटणारा आणि ती घडवणारा सुतार हे दोघे त्या काळी एकाच बाकाशी उभे राहून वाद घालत, मापे बदलत आणि नमुना पुन्हा करून पाहत. त्या दोघांत अखेर काय ठरले हे खुर्चीच्या सांध्यांवर वाचता येते.

या कामाला एक मापपट्टी, कागद, पेन्सिल आणि पाठकोऱ्या कागदाचा एक मोठा ताव पुरतो. अस्सल खुर्ची हाताशी असणे आवश्यक नाही. कोपनहेगनच्या ब्रेडगेड रस्त्यावर, अठराव्या शतकातील एका जुन्या रुग्णालयाच्या इमारतीत डेन्मार्कचे डिझाइन संग्रहालय आहे आणि तेथे खुर्च्यांचे मोठे दालनही आहे. पण तेथेसुद्धा खुर्ची उलटी करून पाहता येत नाही, तेव्हा मागून आणि खालून घेतलेली चांगली छायाचित्रे शोधणे हे घरबसल्या करता येण्याजोगे काम आहे. बाजारात ‘डॅनिश वळणाची’ म्हणून विकली जाणारी नक्कलदेखील अभ्यासाला चालते, कारण नक्कल करणाऱ्याने कष्ट कोठे वाचवले हे पाहण्यातून मूळ कारागिराने ते कोठे घेतले होते याचा पत्ता लागतो.

पहिली पायरी : मापे घ्या

आधी बैठकीची जमिनीपासूनची उंची, बैठकीची खोली, पाठीचा कल आणि हात असल्यास त्यांची बैठकीपासूनची उंची मोजून लिहून ठेवावी. जेवणाच्या टेबलापाशी ठेवायच्या बहुतेक डॅनिश खुर्च्यांची बैठक साधारण ४५ सेंटिमीटरवर असते, आणि आरामखुर्ची त्याहून बरीच खाली जाते. हे आकडे नीरस वाटले तरी साऱ्या चळवळीचा आरंभ याच कामातून झालेला आहे. कोरे क्लिंट (१८८८–१९५४) यांनी १९२४ मध्ये कोपनहेगनच्या शाही ललित कला अकादमीत फर्निचरचा स्वतंत्र विभाग सुरू केला, आणि तेथे विद्यार्थ्यांना नवी कल्पना सुचवण्याआधी मोजायला लावले. मानवी शरीर मोजायचे, कपाटात ठेवायची भांडी व कपडे मोजायचे, जुनी उत्तम खुर्ची मोजून तिचा पूर्ण आकाराचा आराखडा काढायचा, असा तो शिरस्ता होता. कपाटाची रुंदी त्यात राहणाऱ्या वस्तूंनी ठरवावी, हे आज उघड वाटते. त्या काळी कपाटाची रुंदी बहुधा त्याच्या दर्शनी भागाच्या डौलावरून ठरत असे.

क्लिंट यांना जुन्याचे वावडे नव्हते, ही गोष्ट ‘आधुनिक’ या शब्दामुळे विसरली जाते. जर्मनीतील बाउहाउस या कलाशाळेतले समकालीन इतिहासाकडे पाठ फिरवत असताना क्लिंट अठराव्या शतकातील इंग्रजी खुर्च्या उलट्यापालट्या करून पाहत होते. संग्रहालयासाठी त्यांनी १९२७ च्या सुमारास केलेली तथाकथित ‘लाल खुर्ची’ ही एका इंग्रजी चिपेंडेल खुर्चीचे कोरीवकाम आणि अलंकार उतरवून, मापे तेवढी ठेवून तयार झालेली आहे. त्याआधी, १९१४ मध्ये, फाबोर्ग गावातील कलासंग्रहालयासाठी त्यांनी जी खुर्ची केली तिची बैठक व पाठ वेताने विणलेली आहे. खुर्ची हलकी असावी, चित्रांसमोर उचलून नेता यावी आणि संग्रहालयाची नक्षीदार फरशी तिच्यामागे झाकली जाऊ नये, असा तीमागील विचार होता. आपल्या खुर्चीची मापे लिहून झाली, की मोठ्या तावावर तिची बाजूची आकृती पूर्ण आकारात काढून पाहावी. पाठीचा कल एका बोटाने बदलला तरी बसणे कसे बदलते, हे त्या रेषेवरून जितके कळते तितके लहान चित्रावरून कधीच कळत नाही.

दुसरी पायरी : उलटी करून सांधे पाहा

आता खुर्ची उलटी करावी. हीच पायरी सर्वांत महत्त्वाची असल्याने येथे घाई करू नये. पाय बैठकीच्या चौकटीला कसे जोडले आहेत ते पाहावे. एका लाकडाच्या टोकाचे कुसू दुसऱ्या लाकडाच्या भोकात घट्ट बसवलेले आहे, की दोन लाकडे नुसती टेकवून स्क्रूने आवळली आहेत? कुसू असेल तर ते आरपार जाऊन बाहेर दिसते का, आणि दिसत असेल तर ते लपवण्याचा प्रयत्न झाला आहे की मुद्दाम दाखवले आहे? चौकटीच्या आतल्या, कोणालाही न दिसणाऱ्या कडा पॉलिश पेपरने घासलेल्या आहेत का? खुर्चीला मागची बाजू अशी असूच नये, ती चहूबाजूंनी सुंदर दिसावी, असा हान्स वेग्नर यांचा आग्रह असे, आणि त्याची परीक्षा घ्यायची ती येथे.

वेग्नर (१९१४–२००७) हे जर्मन सीमेजवळच्या ट्योनर गावातील एका चांभाराचे पुत्र. चौदाव्या वर्षी ते गावातल्या सुताराकडे उमेदवारीला लागले आणि रेखाटनाची शाळा त्यांनी त्यानंतर पाहिली. हा क्रम महत्त्वाचा आहे, कारण त्यांच्या पाचशेहून अधिक खुर्च्यांत ‘हे लाकूड येथे असे वळू शकेल का?’ हा प्रश्न कागदावर अडकून पडलेला दिसत नाही. कोपनहेगनच्या सुतारांच्या संघाने १९२७ पासून १९६६ पर्यंत दरवर्षी प्रदर्शन भरवले. कारखान्यात तयार होणाऱ्या स्वस्त मालापुढे आपला धंदा टिकत नाही, ही त्यामागची चिंता होती; सौंदर्यशास्त्राचा जाहीरनामा कोणी लिहिला नव्हता. प्रदर्शनासाठी तरुण रचनाकार आणि मुरलेले सुतार यांच्या जोड्या जमल्या : वेग्नर आणि योहानेस हान्सन, फिन यूल आणि नील्स वोडर, क्लिंट आणि रुड रासमुसन यांची कर्मशाळा. चाळीस प्रदर्शनांची ही शिस्त नसती तर डॅनिश फर्निचर हे दोन-चार बुद्धिमान माणसांचे यश म्हणून उरले असते, असे माझे मत आहे.

सांध्याची गोष्ट एकाच उदाहरणावरून नीट कळते. वेग्नर यांची १९४९ ची ‘गोल खुर्ची’ घ्या. पाठ आणि दोन्ही हात मिळून तिची एक सलग अर्धवर्तुळाकार पट्टी होते, पण एवढी वळणदार पट्टी लाकडाच्या एकाच तुकड्यातून काढता येत नाही. ती तुकडे जोडूनच करावी लागते. पहिल्या नमुन्यात पाठीवर वेत गुंडाळून हा जोड झाकलेला होता. पुढे वेग्नर यांनी वेत काढून टाकला आणि नागमोडी दातांचा, दोन हातांची बोटे एकमेकांत गुंतवावीत तसा जोड उघडा ठेवला. त्या दातेरी रेषेवर बोट फिरवले तर उंचवटा लागत नाही. डोळ्याला मात्र ती स्पष्ट दिसते, आणि पाहता पाहता तीच खुर्चीची एकमेव नक्षी होऊन बसते. उणीव झाकण्याऐवजी ती इतकी निर्दोष करायची की तिला झाकण्याचे कारणच उरू नये, ही वेग्नर आणि हान्सन या जोडीची रीत होती. १९६० च्या सप्टेंबरमध्ये केनेडी आणि निक्सन यांचा दूरचित्रवाणीवरील पहिला वादविवाद झाला तेव्हा दोघांसाठी याच खुर्च्या ठेवलेल्या होत्या, आणि अमेरिकेत तिला विशेषणाची गरज न उरता नुसते ‘द चेअर’ म्हटले जाऊ लागले.

याच पायरीवर एक जोडअभ्यास करण्यासारखा आहे. वेग्नर यांची १९४४ ची ‘चिनी खुर्ची’, १९४९ मध्ये रेखाटलेली ‘विशबोन’ आणि ती गोल खुर्ची, अशा तिघींची छायाचित्रे शेजारी शेजारी ठेवावीत. चीनमधील मिंग काळातील खुर्च्यांचा घोड्याच्या नालेसारखा वळलेला पाठीचा पट्टा पहिलीत ओळखू येतो, दुसरीत तो वाफेवर वाकवलेल्या एका सडपातळ दांड्यावर येतो आणि पाठीचा उभा फळा इंग्रजी वाय अक्षरासारखा दुभंगतो, तर तिसरीत पाठीचा उभा आधारच नाहीसा होतो. पाच वर्षांत एका माणसाने एकाच खुर्चीतून काय काय वजा केले, याची ही जणू चालती नोंदवही आहे.

तिसरी पायरी : बैठक कशावर टेकली आहे ते शोधा

बाजूने पाहताना बैठक आणि चौकट यांच्यामध्ये प्रकाश दिसतो का, ते पाहावे. दिसत असेल तर फिन यूल (१९१२–१९८९) यांचा प्रभाव जवळपास असण्याची शक्यता मोठी. यूल शिक्षणाने वास्तुरचनाकार होते, सुतारकाम त्यांनी कधी शिकले नव्हते, आणि क्लिंट यांच्या शिस्तीत ते वाढलेले नव्हते. त्यांच्या १९४५ च्या आरामखुर्चीत गादीची बैठक आणि पाठ लाकडी चौकटीत बसवलेली नसून तिच्यावर तरंगत ठेवल्यासारखी आहे. ओझे वाहणारा भाग वेगळा आणि माणसाला धरणारा भाग वेगळा. चौकटीचे हात कोठे जाड, कोठे बारीक होत जातात. त्यांना स्पर्श केल्यावर हाडासारखा आकार जाणवतो. असे हात रंधून आणि कानशीने घासून काढण्याचे काम वोडर यांच्या कर्मशाळेने पेलले म्हणून यूल यांची चित्रे कागदाबाहेर आली. १९४९ ची ‘सरदाराची खुर्ची’ ही या जोडीची सर्वांत धिप्पाड कृती. न्यूयॉर्कमधील संयुक्त राष्ट्रांच्या विश्वस्त मंडळाचे सभागृह यूल यांनी पन्नाशीच्या दशकाच्या आरंभी सजवले, आणि त्यानंतर अमेरिकी ग्राहकांना डेन्मार्क हे नाव फर्निचरमुळे ठाऊक होऊ लागले. त्या देशात १९५४ ते १९५७ या काळात फिरलेल्या ‘स्कँडिनेव्हियातील डिझाइन’ या प्रदर्शनाने ते काम पुरे केले.

चौथी पायरी : लाकूड ओळखा

येथे मराठी वाचकाला इतरांहून थोडी सवलत आहे, कारण त्या काळातील डॅनिश खुर्चीचे सर्वांत प्रसिद्ध लाकूड म्हणजे आपला सागवान. इंग्रजीतील ‘टीक’ हा शब्दही मल्याळममधील ‘तेक्क’वरून पोर्तुगिजांमार्फत गेलेला आहे. डेन्मार्कमध्ये साग उगवत नाही; पण सयामशी, म्हणजे आजच्या थायलंडशी, त्या देशाचा सागाचा व्यापार जुना होता, आणि १८९७ मध्ये स्थापन झालेली डॅनिश ईस्ट एशियाटिक कंपनी त्यात आघाडीवर होती. दुसऱ्या महायुद्धानंतर आग्नेय आशियातील साग मुबलक मिळू लागला, तेव्हा यूल यांच्यासारख्यांनी तो जहाजांच्या डेकवरून दिवाणखान्यात आणला. साग रंधताना हत्याराची धार लवकर जाते, हे आपल्याकडचा कोणताही सुतार सांगेल. लाकडात वाळूसारखे सिलिकाचे कण असतात हे त्याचे कारण. डॅनिश कारखान्यांनाही हाच त्रास झाला, आणि कठीण धातूच्या टोकांची यांत्रिक हत्यारे वापरात आल्यावरच सागाच्या खुर्च्या मोठ्या संख्येने निघू लागल्या.

लाकडावरून काळाचाही अदमास येतो, मात्र तो अदमासच समजावा. बीच, ओक आणि ॲश ही त्यांची घरची लाकडे. स्वस्त व रोजच्या वापराच्या वस्तूंत बीच अधिक. साग प्रामुख्याने पन्नास व साठच्या दशकांतला. काळसर रेषांचे, जांभळट झाक असलेले लाकूड दिसले तर ते रोझवूड असण्याचा संभव आहे, म्हणजे आपल्या शिसवाच्या कुळातले. ब्राझीलचे रोझवूड १९९२ पासून आंतरराष्ट्रीय व्यापारासाठी सर्वांत कडक संरक्षित यादीत आहे. अशी वस्तू परदेशातून आणायचा विचार असेल तर आधी कागदपत्रांची चौकशी करावी, सौदा नंतर.

पाचवी पायरी : विणीचे परीक्षण

अनेक डॅनिश खुर्च्यांची बैठक दोरीने विणलेली असते. ती दोरी ताग किंवा सुंभाची वाटली तरी बहुधा तपकिरी कागद पिळून केलेली असते. युद्धकाळात आयात होणारे समुद्री गवत दुर्मीळ झाले, तेव्हा ही कागदी दोरी पुढे आली आणि मग तिनेच जागा धरली. बाज विणताना पाहिलेल्या माणसाला हिचे तंत्र लगेच उमजेल : चारही कोपऱ्यांपासून आत येत येत वीण मध्यावर मिळते आणि पाकिटाच्या पाठीसारखी आकृती तयार होते. विशबोनच्या एका बैठकीला साधारण १२० मीटर दोरी लागते, आणि ती आजही हातानेच विणली जाते. कोपऱ्यांवर दोर एकमेकांवर चढले आहेत का, मध्यरेषा सरळ आहे का, आणि खालच्या बाजूला दोरीची टोके कशी संपवली आहेत हे पाहावे. घाईचे काम येथे उघडे पडते.

कागदी दोरीचे खरे घर मात्र बोर्गे मोगेन्सेन (१९१४–१९७२) यांची १९४७ ची ‘जे ३९’ ही खुर्ची, जिला लोक ‘लोकांची खुर्ची’ म्हणतात. मोगेन्सेन क्लिंट यांचे शिष्य, आणि १९४२ पासून १९५० पर्यंत डेन्मार्कच्या ग्राहक सहकारी संस्थांच्या महासंघाच्या, म्हणजे एफडीबीच्या, फर्निचर विभागाचे प्रमुख. लहान सदनिकेत राहणाऱ्या कामगार कुटुंबाला परवडेल असे चांगले फर्निचर सहकारी दुकानांतून विकायचे, हा त्या विभागाचा हेतू होता. सहकारी साखर कारखान्यांच्या आणि दूधसंघांच्या मुलुखातल्या वाचकाला ही कल्पना परकी वाटू नये, जरी आपल्या सहकाराने खुर्चीचा विचार फारसा केलेला नाही. अमेरिकेतील शेकर पंथीयांच्या खुर्चीवरून प्रेरणा घेतलेल्या जे ३९ मध्ये चार गोल पाय, काही आडव्या काठ्या, पाठीला एक रुंद वाकवलेली पट्टी आणि विणलेली बैठक एवढेच आहे. प्रसिद्धी गोल खुर्चीच्या वाट्याला आली. मला विचाराल तर त्या काळातली सर्वांत अवघड खुर्ची हीच, कारण ती स्वस्त राहूनही नेटकी ठेवायची होती.

सहावी पायरी : सांधाच सापडला नाही तर

काही खुर्च्या उलट्या केल्यावर पाहण्यासारखा सांधाच मिळत नाही. मग आपण चळवळीच्या दुसऱ्या टोकाला आलो असे समजावे. आर्ने याकोबसन (१९०२–१९७१) यांची १९५२ ची ‘मुंगी’ ही नोवो या औषध कंपनीच्या उपाहारगृहासाठी केलेली खुर्ची. तिची बैठक आणि पाठ व्हिनिअरचे पातळ थर एकावर एक चिकटवून, साच्यात दाबून केलेला एकच सलग पत्रा आहे. तिची कंबर इतकी बारीक का, हे अवश्य विचारावे. दाबलेले प्लायवूड एका दिशेने सहज वाकते, पण एकाच वेळी दोन दिशांना वाकवू गेल्यास सुरकुतते किंवा तडकते. जेथे बैठक वर वळून पाठ होते आणि कडाही वळतात, तेथले लाकूड कापून कमी केल्यावर हा ताण सुटतो. म्हणजे मुंगीची कंबर आधी तांत्रिक गरज आहे आणि मग मुंगी. पाय मूळचे तीनच, आणि याकोबसन त्याबाबत हट्टी होते; चार पायांची आवृत्ती त्यांच्या मृत्यूनंतर आली. १९५५ ची ‘सात क्रमांकाची’ खुर्ची, आणि एसएएस या विमान कंपनीच्या कोपनहेगनमधील हॉटेलसाठी १९५८ मध्ये केलेली ‘अंडे’ व ‘हंस’ या कृतींत तर सुताराचे काम जवळजवळ संपते आणि साचा बोलू लागतो.

पॉल केअरहोल्म यांनी सुताराचे शिक्षण घेऊनही पोलाद निवडले, तरी त्यांच्या पोलादाचे जोड सुताराच्या नजरेने पाहावेत : सपाट पट्टी सपाट पट्टीला नेमकी कोठे भेटते ते. वेर्नेर पँटन यांच्या १९६७ मध्ये उत्पादनात आलेल्या प्लास्टिकच्या खुर्चीत पायही उरत नाहीत. त्याआधी एक वर्ष, १९६६ मध्ये, सुतारांच्या संघाचे शेवटचे प्रदर्शन भरून गेले होते. नाना डिट्सेल यांची १९५९ ची वेताची टांगती खुर्ची आणि ग्रेटे याल्क यांची १९६३ ची घडी घातल्यासारखी प्लायवूडची खुर्ची यांनाही याच पायरीवर पाहावे. पुरुषांच्याच नावांनी भरलेल्या या इतिहासात या दोघींकडे फार उशिरा लक्ष गेले.

विकत घ्यायची असेल, किंवा आधीच घरात असेल तर

जुनी खुर्ची घेताना चौकटीच्या आतल्या बाजूला कारखान्याचा भाजून उठवलेला शिक्का, धातूचा लहान बिल्ला किंवा कागदी पट्टी शोधावी. शिक्का नसणे म्हणजे खुर्ची खोटी असे नव्हे, कारण बैठक पुन्हा विणताना किंवा नवे पॉलिश करताना या खुणा नाहीशा होतात. आणि शिक्का असला तरी तेवढ्यावर विसंबू नये. रचनाकाराचे नाव घेऊन किंमत वाढवली जात असेल तर त्या नमुन्याची प्रसिद्ध मापे आपण घेतलेल्या मापांशी ताडून पाहावीत. पहिल्या पायरीवर लिहिलेला कागद येथे कामी येतो.

देखभालीत लाकडानुसार फरक करावा. सागाला वर्षातून एक-दोनदा पातळ तेलाचा हात देऊन जादा तेल लगेच कोरड्या फडक्याने पुसून घ्यावे. चकचकीत लॅकर चढवू नये, कारण त्याखाली लाकडाचा स्पर्श कायमचा हरवतो. बीच, ओक आणि ॲश या फिक्या लाकडांसाठी डेन्मार्कमध्ये साबणाची जुनी रीत आहे : सुगंध नसलेल्या शुद्ध पांढऱ्या साबणाचा कीस कोमट पाण्यात विरघळवून, त्या पाण्यात भिजवून पिळलेल्या फडक्याने लाकूड रेषांच्या दिशेने पुसायचे आणि पूर्ण वाळू द्यायचे. पाण्याने लाकडाचे तंतू किंचित उभे राहतात, ते वाळल्यावर बारीक पॉलिश पेपरने हलके घासावेत आणि साबणाचा हात पुन्हा द्यावा. हे सागावर करू नये. कागदी दोरीवर काही सांडले तर ते लगेच टिपून घ्यावे, चोळू नये. पुढे पिळलेल्या ओल्या फडक्याने डाग हलकेच पुसावा आणि बैठक सावलीत वाळवावी. छताचा बल्ब बदलायला तिच्यावर उभे राहण्याचा मोह मात्र टाळावा, कारण टाचेच्या एका दाबाने ताणलेली वीण जेथे बसते तेथे ती पुन्हा वर येत नाही, आणि मग सबंध बैठक उसवून नव्याने विणावी लागते.